कसणारा एक, उतारा दुसऱ्याचा: आजऱ्याच्या डोंगरउतारावरचं एक प्रकरण

आजरा तालुक्याच्या पश्चिमेला, रस्ता आंबोलीकडे चढू लागतो त्या पट्ट्यातल्या एका वाडीवर एक जोडपं 2 एकर 23 गुंठे जमीन कसतं. त्यातली स्वतःच्या नावावर 11 गुंठे. 1 एकर 30 गुंठे मुंबईला स्थायिक झालेल्या एका कुटुंबाची, निम्म्या वाट्यानं. उरलेली 22 गुंठे देवस्थानाची, खंडानं, म्हणजे ठरीव मोबदल्यावर. कागद फक्त 11 गुंठ्यांचा आहे, बाकी सगळं तोंडी. वाडीचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. शिवाय दोन-तीन घरांच्या हकिकती एकात बसवून हे प्रकरण मांडलं आहे. कायद्याची कलमं आणि योजनांचे नियम मात्र जसे आहेत तसे आहेत.

प्रश्न साधा आहे. डोंगरउतारावरची माती धरून ठेवणाऱ्या, झाडं लावणाऱ्या, रासायनिक खत सोडणाऱ्या शेतकऱ्याला सरकार पैसे देतं. मग हे काम प्रत्यक्ष करणाऱ्याच्या हातात त्यातलं किती पडतं? या घरात पडलेलं उत्तर फार थोडं आहे, आणि त्याचं कारण नेहमी सांगितलं जातं ते, म्हणजे अडाणीपणा किंवा हेलपाटे, हे नाही. अर्ज कसा भरायचा हे या घरातल्या पोराला कृषी खात्याच्या माणसाइतकंच ठाऊक आहे.

आधी जमीन बघू. मुंबईकरांच्या 1 एकर 30 गुंठ्यांत 30 गुंठे भाताची खाचरं आणि एक एकर वरकस, म्हणजे हलक्या जमिनीचा, उतार. खाचरात घनसाळ जातीचं भात. आजरा घनसाळला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे दर बरा मिळतो. उतारावर नाचणी, आणि नाचणीनंतर जमीन विसावा घेते तेव्हा गवत. पाऊस इथे दाणादाण उडवणारा. बांध एका पावसाळ्यात दुरुस्त केला नाही तर पुढच्या पावसाळ्यात माती ओढ्यात, ओढ्यातून हिरण्यकेशीत, आणि तिथून गडहिंग्लजच्या ऊसपट्ट्यापर्यंत. म्हणजे हा उतार कोण राखतो याचा फायदा खालच्या बागायतदारालाही आहे. पण दरसाल दगड रचून बांध घालणारा माणूस पावसाळ्याआधी आठवडाभर जे काम करतो, त्याला कुठल्याच दप्तरात शीर्षक नाही.

घरानं तीन ठिकाणी हात घालून पाहिला.

पहिला प्रयत्न फळबागेचा. उतारावर काजू लावायचा, माती धरली जाईल आणि चार पैसे येतील, हा विचार. चंदगड-आजऱ्याकडे काजू चांगला येतो, त्यात नवं काही नाही. दोन वाटा होत्या. रोजगार हमीतून फळबाग घ्यायची तर जॉबकार्ड लागतं आणि जमीनही लागते. जॉबकार्ड कसणाऱ्याकडे, जमीन मालकाकडे. एकाच माणसात दोन्ही असावं ही अट, आणि इथे ती दोन माणसांत वाटली गेलेली. मालक बोरिवलीत राहतो, त्याला जॉबकार्ड कशाला असेल? दुसरी वाट भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना. 2018-19 पासूनची ही योजना मुळात रोजगार हमीत न बसणाऱ्यांसाठी. कोकणाबाहेर किमान 20 गुंठे क्षेत्र लागतं आणि सातबारा स्वतःच्या नावावर. कसणाऱ्याची स्वतःची जमीन 11 गुंठे, तीही भाताची.

या योजनांच्या नियमांत कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, अगदीच नाही असं मात्र नाही. सातबाऱ्यावर कुळाचं नाव असेल तर फळबागेसाठी कुळाची संमती घ्यावी असं त्यात स्पष्ट आहे. म्हणजे कसणारा नियमात येतो तो मालकाच्या अर्जाला हरकत घेऊ शकणारा माणूस म्हणून. तो स्वतः अर्जदार असू शकतो ही कल्पनाच तिथे नाही. आणि ही संमतीसुद्धा ज्याचं नाव उताऱ्यावर चढलंय त्याची. आपल्या माणसाचं नाव चढलेलंच नाही.

ते का चढलं नाही, हे कळायला मालकाशी झालेलं फोनवरचं बोलणं पुरेसं आहे. दोघं एकाच गावचे, भावकी वेगळी. कसणारा मालकाला दादा म्हणतो.

“दादा, कृषी ऑफिसात लावायला एक संमतीपत्र पायजे हुतं. सही तेवढी.”

“सही करायला काय, पण कूळ लागायचं न्हाई न्हवं?”

“आता कुठलं कूळ दादा.”

“तू न्हाईस रे. पर कागद कागद असतो. आमच्या आज्याचं वरचं शेत असंच गेलं.”

ते खरंच गेलेलं आहे. 1948 च्या कूळ कायद्यात 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला, आणि त्या दिवशी जे कूळ म्हणून जमीन कसत होते ते कलम 32 खाली जमिनीचे खरेदीदार मानले गेले. मालकाच्या आजोबांचा एक तुकडा त्यात गेला. आजोबा काही जमीनदार नव्हते. मुंबईत गिरणीत होते, म्हणून जमीन दुसऱ्याला कसायला दिलेली. ज्याला जमीन मिळाली त्याचं घर उभं राहिलं, हेही तितकंच खरं, आणि त्या कायद्याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. पण त्या एका दिवसाची आठवण आजऱ्याच्या, शाहूवाडीच्या, चंदगडच्या प्रत्येक मुंबईकर घरात अजून ताजी आहे. मालकाची भीती निव्वळ वहिमही नाही. कलम 4 प्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा, तो मालकाच्या कुटुंबातला नसेल, पगारी मजूर नसेल किंवा गहाणदार नसेल, तर कूळ मानला जातो. कलम 32-ओ प्रमाणे कृषक दिनानंतर निर्माण झालेल्या कुळालाही एका वर्षाच्या आत जमीन विकत घेण्याचा हक्क बजावता येतो. म्हणून लेखी काही ठेवायचं नाही, हा मुंबईकरांचा सरसकट नियम. दरवर्षी पाडव्याला तोंडी बोलणं, बस्स.

इथे एक गोष्ट मालकालाही माहीत नव्हती, कसणाऱ्यालाही नाही, आणि आजऱ्यातल्या ज्या वकिलाकडे दोघं गेले त्यानंही ती पहिल्या भेटीत काढली नाही. याच कायद्याचं कलम 43-अ. ऊस, फळं किंवा फुलं यांच्या लागवडीसाठी दिलेल्या पट्ट्यांना कलम 32 पासूनच्या सक्तीच्या खरेदीच्या तरतुदी लागू होत नाहीत. म्हणजे काजूसाठी उतार पट्ट्यानं लिहून दिला असता तर ज्याची भीती होती ते कूळ लागणं त्या कलमापुरतं बाजूला राहिलं असतं. उलट नाचणी आणि भात, जी वर्षाची पिकं आहेत आणि ज्यांच्यासाठी कोणी जमिनीवर कायमचं काही उभं करत नाही, तिथे मात्र कायद्याची पूर्ण धार आहे.

मला या प्रकरणाचा गाभा इथे दिसतो. फळबागेत कायदा वाट देतो, तर योजना स्वतःच्या सातबाऱ्याचा हट्ट धरून ती बंद करते. नाचणी-भातात योजना थोडी सैल झाली तरी चालेल, दर हंगामाच्या कामाला दर हंगामाचे पैसे द्यायचे असतात, पण तिथे मालक कायद्याला भिऊन सही देत नाही. दोन कुलपं आहेत आणि चाव्यांची अदलाबदल झाली आहे.

शेवटी काजू लागले. अर्ज मालकाच्या नावानं गेला, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, मालकाच्या आधारला जोडलेल्या खात्यावर. कसणाऱ्यानं राबायचं आणि उत्पन्न निम्मं-निम्मं, असं ठरलं. वेंगुर्ला जातीची ऐंशी कलमं बसली. योजनेतून खड्डे, कलमं, लागवड यांचे पैसे येतात. जमीन तयार करणं, खड्ड्यात माती-शेणखत भरणं, आंतरमशागत आणि काटेरी कुंपण हे लाभार्थ्यानं स्वखर्चानं करायचं असतं. लाभार्थी बोरिवलीला. त्यामुळे शेणखत कसणाऱ्याच्या दोन म्हशींचं, कुंपण त्याच्या बायकोनं तोडून आणलेल्या काट्यांचं. वरच्या झऱ्यातून पाइप उतरवून ठिबक केलं तेही दोघांनीच. अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के अशा हप्त्यांनी मिळतं आणि पुढचे हप्ते झाडं किती जगली त्यावर असतात, दुसऱ्या वर्षी 80 टक्के, तिसऱ्या वर्षी 90. एप्रिल-मेच्या उन्हात झाडं जगवण्याची जबाबदारी कोणावर होती हे वेगळं सांगायला नको. हप्ते मालकाच्या खात्यात आले. मालकानं त्यातले काही पैसे पाठवले, हे त्याच्या बाजूनं नोंदवायलाच हवं. ते पाठवायला त्याला कोणी बांधील धरू शकत नव्हतं.

पुढचं वाईट आहे, आणि अनुदानाच्या चर्चेत ते फारसं येत नाही. काजू वाढले तशी त्यांच्या सावलीत नाचणी खुरटली. विसाव्याच्या वर्षी मिळणारं गवत कमी झालं, म्हणजे म्हशींची वैरण विकत आली. चौथ्या वर्षी बिया धरल्या आणि हंगामाला मालकाचा पुतण्या गावी येऊन राहिला. “काका, झाडाकडं मी बघतो, तुमी खाली भाताचं बघा,” असं तो सहज म्हणाला. भांडण नाही, कुरबुर नाही. काजूतला वाटा निम्म्यावरून तिसऱ्या हिश्शावर आला, आणि कसण्याची जमीन एका एकरानं कमी झाल्यासारखी झाली. पडीक-वरकस म्हणून ज्या उताराकडे मालकाचं घर वर्षानुवर्षं फिरकलं नव्हतं, त्याला अनुदानानं किंमत आणून दिली. किंमत आली की मालक आला. पर्यावरणाच्या हिशोबात ही योजना यशस्वी आहे. उतारावर झाडं आहेत, माती धरली आहे, जगण्याचं प्रमाण अटीइतकं आहे. नाचणी करणारं घर मात्र त्या उतारावरून हललं.

दुसरा प्रयत्न सेंद्रिय गटाचा. परंपरागत कृषी विकास योजनेत 20 हेक्टरचा गट करायचा असतो. तीन वर्षांत हेक्टरी 31 हजार 500 रुपये, त्यातले 15 हजार निविष्ठांसाठी, म्हणजे खत-बियाण्यांसारख्या खर्चासाठी, थेट शेतकऱ्याच्या खात्यात. गटात नाव घालताना क्षेत्र धरलं गेलं ते आठ-अ उताऱ्यावरून, म्हणजे खातेदाराच्या नावावरची एकूण जमीन दाखवणाऱ्या कागदावरून. म्हणजे 11 गुंठे. हिशोब करून पाहा: 11 गुंठ्यांना तीन वर्षांत साधारण 1 हजार 650 रुपये. प्रत्यक्षात शेण-गोमूत्राचं जीवामृत पडतं सगळ्या 103 गुंठ्यांवर, ज्याचे साडेपंधरा हजार झाले असते. आता कोणी म्हणेल, मग अकराच गुंठ्यांवर सेंद्रिय करावं. पण वरच्या खाचरात युरिया टाकून त्याचं पाणी खालच्या ‘सेंद्रिय’ खाचरात उतरणार असेल तर गटाचा उपयोग काय? डोंगरात पाणी गट नंबर बघून वाहत नाही.

गंमत अशी की या योजनेतलं प्रमाणीकरण एकमेकांच्या तपासणीवर चालतं. गटातले शेजारीच एकमेकांच्या शेतावर जाऊन पाहतात आणि सही करतात. म्हणजे कोणतं शेत कोण कसतं हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याच सह्या आधीपासून घेतल्या जातात. फक्त त्या सह्या ज्या जमिनीवर पाहणी केली तिच्यासाठी न वापरता आठ-अ वरच्या क्षेत्रासाठी वापरल्या जातात.

ई-पीक पाहणीचंही तसंच. ऑगस्ट 2021 पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानं मोबाईलवरून करायची आहे, शेतात उभं राहून फोटो काढून. मालक मुंबईहून येऊ शकत नाही, म्हणून कसणाऱ्याचा पोरगा आपल्या मोबाईलवर मालकाचं खातं निवडून नोंद करतो. फोटो त्यानं काढलेला, पीक बापानं लावलेलं, जागा बरोबर. नोंद पडते ती खातेदाराच्या नावे. जुन्या उताऱ्यांत पिकांच्या रकान्यांजवळ जमीन करणाऱ्याचं नाव आणि रीत लिहिली जायची. कूळ कायद्याच्या दाव्यांत त्याच नोंदींवर निकाल लागले, म्हणून मालक तिकडेही डोळ्यात तेल घालून बघायचे. दुसऱ्याची वहिवाट आढळली तर तलाठ्यानं तहसीलदारांना कळवायची सोय आजही नियमात आहे. वाडीवर ती कोणी वापरलेली मला आढळली नाही, आणि वापरावी असा सल्लाही मी कसणाऱ्याला दिला नसता. अर्ज गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जमीन गेली असती.

शेतकरी ओळख क्रमांकानं यात नवं काही बिघडवलं नाही, पण होतं ते घट्ट केलं. एप्रिल 2025 पासून राज्यात कृषी योजनांसाठी हा क्रमांक सक्तीचा झाला. तो सातबाऱ्याला जोडलेला असल्यानं या माणसाला तो मिळाला, 11 गुंठ्यांचा. शेजारच्या धनगरवाड्यावरच्या ज्या घराच्या नावावर गुंठाही नाही, ते घर डोंगरावर कितीही नाचणी पिकवो, त्या यादीत येतच नाही.

पीक विम्याचं एका वाक्यात: भाड्यानं कसणाऱ्याला विमा घेता येतो, पण नोंदणीकृत भाडेकरार लागतो, आणि तो इथे कोणी करून देत नाही. गव्यांनी खाल्लेल्या पिकाच्या भरपाईलाही सातबारा लागतोच. गवे आले ते पोलिसपाटलापासून सगळ्यांना माहीत, पैसे मालकाच्या खात्यावर.

देवस्थानाच्या 22 गुंठ्यांवर फार लिहिण्यासारखं नाही, कारण तिथे काही घडलंच नाही. कोल्हापूर जिल्ह्यात देवस्थान इनाम जमिनी भरपूर आहेत. नोंदणीकृत धार्मिक न्यासाच्या जमिनींना कलम 88-ब खाली खरेदीच्या तरतुदींतून सूट मिळते, तेव्हा कूळ मालक होण्याची भीती इथे कमी. पण उताऱ्यावर वहिवाटदार म्हणून देवाची सेवा करणारं दुसरंच घर आहे, आणि त्यांनी जमीन पुढे खंडानं दिली हे कागदावर आलं तर शर्तभंग. तेव्हा त्या घरानं हात जोडले. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही.

इतर ठिकाणी यावर काय केलं गेलं? आंध्र प्रदेशानं 2019 मध्ये पीक कसणाऱ्यांच्या हक्कांचा कायदा केला. कसणाऱ्याला अकरा महिन्यांचं कार्ड मिळतं आणि त्यानं मालकी हक्काला बाधा येत नाही असं त्या कायद्यातच लिहिलं आहे. अडचण तीच, मालकाची सही लागते. इंग्लंडमध्ये साधारण एक तृतीयांश शेतजमीन कुळांकडे आहे. तिथे 2022 मध्ये सुरू झालेल्या शाश्वत शेतीच्या योजनेत कुळाला मालकाच्या संमतीशिवाय अर्ज करता येईल अशी रचना ठेवली गेली. त्याच वर्षी बॅरोनेस रॉक यांच्या समितीनं कुळांच्या शेतीवर अहवाल दिला. झाडं लावण्याच्या पैशांसाठी मालक कुळांकडून जमीन परत घेतील, ही चिंता त्यात ठळक आहे. आजऱ्याचा काजू आणि तिकडची वृक्षलागवड, दुखणं एकच. ती योजना तरी स्थिर राहिली का? मार्च 2025 मध्ये नवे अर्ज घेणं अचानक थांबवलं गेलं. तेव्हा विलायतेचं उदाहरण डोक्यावर घेऊन नाचण्यात अर्थ नाही. त्यातलं घेण्यासारखं एकच आहे: हंगामी कामाचे पैसे आणि जमिनीवर कायम उभ्या राहणाऱ्या गोष्टींचे पैसे यांना वेगळा नियम लावायचा.

आपल्याकडे ते असं बसू शकेल. बांध राखणं, जीवामृत, नाचणी-वरीसारखी पिकं यांचे पैसे त्या हंगामात ज्यानं केलं त्याला, शेजाऱ्यांच्या तपासणीच्या सह्यांवर. आणि तो दाखला कूळवहिवाटीचा पुरावा म्हणून चालणार नाही, हे शासन निर्णयात न लिहिता कायद्यातच लिहायचं, कारण मुंबईकर शासन निर्णयावर विश्वास ठेवणार नाहीत आणि त्यांनी ठेवूही नये. फळबागेसाठी मात्र कलम 43-अ खालचा नोंदणीकृत पट्टा हा सातबाऱ्याला पर्याय म्हणून स्वीकारायचा. पट्ट्याची मुदत झाडाच्या आयुष्याशी जुळेल इतकी हवी, आणि पट्टा मोडला तर जगवलेल्या झाडांची भरपाई कसणाऱ्याला. या शेवटच्या अटीशिवाय बाकी सगळं मालकालाच बळ देईल.

या घरात सध्या तिसरा प्रयत्न चालू आहे. काजूच्या अनुभवानंतर कसणाऱ्यानं खालच्या 30 गुंठ्यांच्या खाचरांपुरता तरी कागद व्हावा असा आग्रह धरला, आणि मालक नाही म्हणाला नाही. वकिलानं मसुदा केला. त्यात एक ओळ होती: सदर इसम हा मालकाच्या देखरेखीखाली मजुरीवर काम करतो. कलम 4 मधून सुटायचा हा जुना मार्ग, मजूर असला की कूळ होत नाही. पण मजूर असला की गटात शेतकरी म्हणूनही बसत नाही, तेव्हा ज्या कामासाठी कागद हवा होता ते कामच त्या ओळीनं मोडलं. कसणारा सही करायला तयार झाला होता. बायकोनं अडवलं. “वाटा देतूय आम्ही, हजरी घेत न्हाई. खोटं कशाला लिवायचं?” असं ती वकिलाच्या तोंडावर म्हणाली.

मग ती ओळ काढून ‘मालकाच्या संमतीने या हंगामापुरते भातपीक घेत आहे’ असं घातलं. ते कायद्यापुढे टिकेल की नाही याबद्दल वकिलालाच खात्री नाही. मालकाची आणि त्याच्या धाकट्या भावाची सही झाली आहे. सातबाऱ्यावरचं तिसरं नाव त्यांच्या वारलेल्या चुलत्याचं, त्याची वारस नोंद अजून झालेली नाही. वारसांत दोन लेकी, एक पनवेलला आणि एक बेळगावला. फेरफार मंजूर झाल्याखेरीज त्यांची सही धरता येत नाही, आणि तोवर गटाच्या यादीत या घराचं क्षेत्र 11 गुंठेच राहणार आहे.